गिरिशिखरांवरचे अदृश्य ऊन

स्वित्झर्लंडमधील दावोस हे गाव आज निराळ्याच कारणांनी वर्तमानपत्रांत झळकत असले, तरी शंभर वर्षांपूर्वी त्याचे नाव निघाले की सुशिक्षित युरोपीय माणसाच्या डोळ्यांपुढे एकच देखावा उभा राही: दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या आरोग्यधामांचे लांबच लांब सज्जे, त्यांत भर डिसेंबरात लोकरी कांबळ्यांत गुरफटून आरामखुर्च्यांवर पहुडलेले क्षयरोगी, समोर बर्फाने झाकलेले खोरे, आणि त्या निस्तेज चेहऱ्यांवर निरभ्र आकाशातून उतरणारे लख्ख ऊन. थॉमस मान याने १९२४ साली प्रसिद्ध केलेली आपली थोर कादंबरी याच सज्जांत घडवली आहे. डोंगरावरचे ऊन औषधी असते, ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि तिला आधार अगदीच नव्हता असे नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार यशस्वी करून दाखवल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु त्या उन्हात औषधी म्हणतात ते नेमके काय, ते सकाळी किती, दुपारी किती, पौषात किती आणि ज्येष्ठात किती, याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नव्हता. तो ठेवण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, त्याच्यापासूनच या विषयाचा आढावा सुरू करणे न्याय्य होईल.

कार्ल डोर्नो हा मूळचा प्रशियातील केनिग्सबर्गचा सुखवस्तू व्यापारी. मुलीला क्षयाची बाधा झाली म्हणून तो दावोसला येऊन राहिला. मुलगी वाचली नाही. पण ज्या उन्हाच्या भरवशावर आपण घरदार सोडले त्या उन्हात आहे तरी काय, हा प्रश्न त्याच्या मनाला लागला तो कायमचा. १९०७ साली पदरचे पैसे खर्च करून त्याने तेथे एक लहानशी वेधशाळा थाटली आणि चारच वर्षांत उंच पर्वतावरील प्रकाश व हवा यांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मोठेपणा मला असा दिसतो की, ऊन म्हणून ज्याला आपण एका शब्दाने ओळखतो त्याची त्याने वेगवेगळी खाती पाडली. उष्णता एका उपकरणाने मोजायची, दृश्य प्रकाश दुसऱ्याने, आणि अतिनील किरण तिसऱ्याने. हे तिसरे उपकरण म्हणजे एल्स्टर आणि गाइटेल या दोघा जर्मन शिक्षकांनी सिद्ध केलेल्या प्रकाशविद्युत घटांपैकी कॅडमियमचा घट. त्यातील धातूच्या पृष्ठावर लघुतम लांबीचे सूर्यकिरण पडले म्हणजेच विद्युत्कण सुटत आणि जोडलेल्या विद्युन्मापकाचा काटा हले. दृश्य प्रकाश कितीही प्रखर असो, अंगाला ऊन कितीही भाजो, कॅडमियमला त्याची दादच नसे. म्हणजे माणसाच्या त्वचेला जे जाणवत नाही तेवढेच जाणवणारा साक्षीदार डोर्नोच्या हाती आला होता.

हे किरण आहेत हे कळून तोवर शतक उलटले होते. १८०१ साली येना येथे योहान रिटरने वर्णपटाच्या जांभळ्या टोकापलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते हे पाहिले. पुढे १९३२ साली कोपनहेगनच्या परिषदेत त्यांचे अ, ब आणि क असे वर्ग ठरले: ४०० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे ते 'अ', ३१५ ते २८० पर्यंतचे ते 'ब', आणि त्याखालचे 'क', जे भूमीपर्यंत पोहोचतच नाहीत. एके काळी 'डोर्नोचे किरण' म्हणून ओळखले जात ते जवळजवळ हेच 'ब' किरण. सूर्याच्या एकंदर शक्तीत त्यांचा वाटा अत्यल्प असतो. पण त्वचा होरपळते ती मुख्यतः त्यांनी, त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते ते त्यांनीच, आणि बर्फावर डोळे जातात तेही त्यांच्यामुळेच.

आता ह्या किरणांच्या वाटेत दोन पहारे आहेत. पहिला ओझोनचा. वातावरणातला सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा होईल. तरीही ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण अडवण्याचे बहुतेक काम हा तीन मिलिमीटरांचा पडदा करतो. दुसरा पहारा हवेच्या रेणूंचा. ते किरणांना शोषून घेत नाहीत, सर्व दिशांना उधळतात, आणि किरण जितका आखूड तितका अधिक उधळतात. ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाच्या मानाने ३०० नॅनोमीटरचा किरण सोळापट विखुरला जातो. आकाश निळे दिसते ते याच न्यायाने. सूर्य माथ्यावर असताना हे दोन्ही थर किरण सरळ ओलांडतो, आणि सूर्य क्षितिजाकडे कलला की त्यांतून तिरपा, लांबचा मार्ग काढतो. दिवसाचे आणि ऋतूंचे जे काही फेरफार आहेत, त्यांतील सिंहाचा वाटा या एकाच भूमितीचा आहे.

दिवसापुरते पाहिले तर या भूमितीचा परिणाम असा होतो की, उष्णतेचा आलेख घुमटासारखा पसरट असतो, तर 'ब' किरणांचा देवळाच्या शिखरासारखा निमुळता. सकाळी आठला ऊन चांगले जाणवण्याइतके तापलेले असते आणि कॅडमियमचा काटा मात्र जेमतेम हललेला असतो. दहानंतर तो झपाट्याने चढतो आणि दुपारी दोननंतर तितक्याच झपाट्याने उतरतो. मध्यान्हीच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार तासांत दिवसभराच्या अतिनील किरणांपैकी सुमारे साठ टक्के येऊन जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला आहे. दावोससारख्या खोऱ्यातल्या ठिकाणी भोवतालचे डोंगर सकाळ-संध्याकाळचा सूर्य कापून टाकतात आणि हिवाळ्यात तर दिवस पाहता पाहता संपतो. पण हे डोंगर जे हिरावतात ती ऊब असते, 'ब' किरणांच्या खात्यात त्यामुळे फारशी तूट येत नाही.

येथे घड्याळाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुष्कळांची फसगत तेथे होते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. दावोस मध्य युरोपच्या प्रमाण रेखावृत्ताच्या सुमारे पाच अंश पश्चिमेस असल्यामुळे तेथे सूर्य बाराला वीस मिनिटे होऊन गेल्यावर माध्यान्हीला येतो, आणि उन्हाळी वेळ लागू असता एक वाजून वीस मिनिटांनी. आपल्या महाबळेश्वर-पाचगणीलाही हा फरक वर्षाच्या सरासरीने पस्तीस मिनिटांचा आहे. नोव्हेंबराच्या आरंभी तो वीसच्या आत येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला पन्नासच्या घरात जातो. म्हणून साडेबाराला 'आता ऊन उतरू लागले' असे समजून फिरायला निघणारा मनुष्य ऐन माथ्यावरच्या उन्हात निघालेला असतो.

सावलीचाही असाच एक गैरसमज आहे. 'ब' किरण इतके विखुरलेले असतात की, त्यांतला मोठा हिस्सा सूर्यबिंबाकडून थेट न येता साऱ्या निळ्या आकाशातून झिरपत येतो. भिंतीच्या आडोशाला बसलेल्याला सूर्य दिसत नाही, पण आकाश दिसत असते, आणि तेवढे त्याच्या कातडीला पुरते. हवा विरळ असल्यामुळे पर्वतावर थेट किरणांचा वाटा थोडा वाढतो, तरी हा नियम तेथेही मोडत नाही. पातळ ढग या किरणांना फारसे अडवत नाहीत. उलट सूर्य मोकळा असून भोवती पांढरेशुभ्र ढग तरंगत असले, तर त्यांच्या कडांवरून परतलेले किरण मिळून क्षणभर निरभ्र आकाशाहूनही अधिक भर पडते.

ऋतूंकडे वळले की दावोसचे खरे नवल दिसू लागते. ते सुमारे ४६.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून जूनच्या मध्यान्ही तेथे सूर्य ६६ अंशांहून अधिक वर येतो, तर डिसेंबरात जेमतेम २० अंश. त्या हिवाळी सूर्याच्या किरणाला हवेतून जवळजवळ तिप्पट वाट तुडवावी लागते, आणि ३ मिलिमीटरांचा ओझोन त्याच्या लेखी पावणेनऊ मिलिमीटरांचा होतो. पण हिवाळ्यातली डोंगरी हवा कोरडी व स्वच्छ असल्यामुळे सूर्याकडे तोंड करून बसलेल्याला थेट ऊब उन्हाळ्याच्या तोडीची मिळते. अतिनील निर्देशांकाच्या भाषेत सांगायचे, तर जूनमधील निरभ्र मध्यान्ही तेथे जो अंक आठ-नऊच्या घरात असतो, तोच डिसेंबरात एकच्या आसपास घुटमळतो. दक्षिणाभिमुख सज्जात पहुडलेला तो रोगी गालांवर जे ऊन अनुभवत होता, ते ऊबेचे खरेखुरे ऊन होते. परंतु ज्या किरणांसाठी त्याला तेथे निजवले होते, ते किरण त्या महिन्यांत डोंगरावरही जवळजवळ पोहोचतच नव्हते. डोर्नोने हे मोजून दाखवले. बोस्टन तर दावोसहून दक्षिणेला आहे. तेथेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हाने त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, असे १९८८ साली प्रयोगाने सिद्ध झाले. ऊब आणि अतिनील यांची पंचांगे निरनिराळी आहेत, ही या विषयातील मध्यवर्ती गोष्ट आहे, आणि ती समजली नाही तर बाकीचे आकडे पाठ करूनही काही हाती लागत नाही.

या पंचांगात एक कोडे होते, आणि त्याची उकल ही मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर हकीकत वाटते. भूमितीने पाहिले तर वसंतातला आणि शरदातला, समान उंचीवर आलेला सूर्य सारखाच. एप्रिलच्या आरंभी तो जेवढा वर येतो तेवढाच सप्टेंबरच्या पूर्वार्धात येतो. मग किरणही सारखेच यावयास हवेत. पण डोर्नोच्या दप्तरात शरद ऋतूचे आकडे वसंताहून ठळकपणे जास्त येत राहिले. एप्रिलमध्ये दावोसभोवती बर्फ असते, सप्टेंबरात नसते. तेव्हा बर्फाच्या परावर्तनाने उलट वसंताचेच पारडे जड व्हावे. परंतु तो थेट सूर्यबिंबाकडून येणारे किरण मोजीत असल्याने बर्फाची लबाडी तेथे चालण्यासारखी नव्हती, आणि म्हणूनच विसंगती झाकली गेली नाही.

उत्तर डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून मिळाले. दावोसच्या शेजारच्या आरोसा गावी पाउल ग्योट्झ या शास्त्रज्ञाने १९२१ साली वेधशाळा काढली, आणि १९२६ पासून तेथे, ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सनच्या उपकरणांच्या साहाय्याने, ओझोनची नियमित मोजणी सुरू झाली. जगातील ओझोनची सर्वांत दीर्घ अखंड नोंद ती हीच. त्या नोंदीत दिसले ते असे की, आल्प्सवरचा ओझोनचा पडदा सालभर एका जाडीचा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये तो सुमारे ३.७ मिलिमीटरांपर्यंत फुगतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात २.९ च्या आसपास उतरतो. कारण पुढे ब्रूअर व डॉब्सन यांच्या विवेचनातून स्पष्ट झाले: ओझोन मुख्यतः उष्ण कटिबंधावरील उंच वातावरणात जन्मतो, आणि हिवाळाभर मंद गतीने चालणारा वातप्रवाह त्याला ध्रुवांकडे वाहून नेऊन तेथे साठवतो, वसंतात हे कोठार भरलेले असते, आणि उन्हाळाभर ते हळूहळू रिते होते. म्हणजे विषुववृत्तावरच्या आकाशात तयार झालेल्या वायूची ये-जा दावोसच्या एका काचेच्या घटात, कारण कळण्याच्या आधीच, नोंदली जात होती. ओझोन एक टक्क्याने घटला की त्वचा भाजणारे किरण एक टक्क्याहून थोडे अधिकच वाढतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन ऋतूंमधला फरक किती मोठा हे ध्यानात येईल.

उंचीचा प्रश्न मी मुद्दामच मागे ठेवला, कारण लोक त्याला पहिला मान देतात आणि तो त्याचा नाही. डोंगर आपल्याला ओझोनच्या वर नेतो, अशी एक समजूत आहे. तसे मुळीच होत नाही. ओझोनपैकी सुमारे नऊ दशांश दहा-बारा किलोमीटरांच्या वर असतो आणि कोणतेही शिखर तेथवर जात नाही. डोंगर मागे टाकतो तो हवेचा खालचा दाट थर, त्यातले धूळ-धूर-बाष्प, आणि त्या थरातला थोडासा ओझोन. इन्सब्रुकच्या ब्लुमथालर, आंबाख आदी संशोधकांनी आल्प्समध्ये खाली-वर एकाच वेळी मोजणी करून दाखवले की, निरभ्र दिवशी दर हजार मीटरमागे एकंदर सूर्यप्रकाश सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, तर त्वचा भाजणारे किरण सुमारे १८ टक्क्यांनी. ही वाढ थोडी नव्हे. परंतु त्याच जागी डिसेंबर आणि जून यांत नऊ-दहा पटींचा फरक पडतो, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे उंचीचे माप आपोआप ठरते. उंची, अक्षांश आणि ऋतू एकाच पारड्यात पडतात ते दक्षिण अमेरिकेतील अँडीजच्या पठारावर: पातळ ओझोन, माथ्यावरचा सूर्य, चार हजार मीटरांची उंची, आणि वर तेथील उन्हाळा जानेवारीतला, जेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत निकट असल्याने जुलैच्या मानाने सुमारे ७ टक्के प्रकाश अधिक मिळतो. तेथे निर्देशांक वीसच्याही पुढे जातो.

बर्फाचे प्रकरण निराळे. गवत अतिनील किरणांपैकी शेकडा पाचही परत करत नाही, कोरडी वाळू पंधराच्या आसपास करते, आणि नुकते पडलेले बर्फ ऐंशी किंवा त्याहूनही अधिक. हे किरण खालून येतात; टोपीची कड, भुवई, पापणी ही निसर्गाची आणि माणसाची सारी छत्रे वरच्या उन्हासाठी केलेली, खालच्याला ती अडवत नाहीत. वाळू टोचावी तसे डोळे दुखू लागतात ते काही तासांनी, बहुधा रात्री. सोस्यूरने १७८७ साली माँ ब्लाँ चढताना चेहऱ्यावर जाळीचा पडदा घेतला होता, आणि हिमालयातील वाटाड्ये बर्फावर डोळे झाकून घेतात, ते वर्णपटाचे नावही न ऐकता.

दीर्घ काळातल्या बदलांविषयीही डोंगराची साक्ष मोलाची ठरली. शीतकांतील क्लोरीनयुक्त वायू ओझोन नष्ट करतील, हा इशारा मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली दिल्यावर भूमीवर अतिनील किरण वाढत आहेत का, याचा तपास सुरू झाला. अमेरिकेतील आठ ठिकाणच्या १९७४ ते १९८५ च्या नोंदींत वाढ न दिसता उलट घट दिसली. स्वित्झर्लंडमधील साडेतीन हजार मीटरांहून उंच असलेल्या युंगफ्राउयोखवर मात्र १९८१ ते १९८९ या काळात दरसाल एक टक्क्याच्या आत-बाहेर वाढ आढळली. मैदानातील नोंदींवर शहरांच्या धुराचे सावट असण्याचा संभव होता, आणि उपकरणांच्या अचूकतेबद्दलही पुढे शंका निघाल्या. शिखरावरची हवा तेवढी निर्मळ होती. आठ वर्षांच्या नोंदीवर फार मोठी इमारत उभारू नये, हे मला मान्य आहे. पण आरोसाचे दप्तर त्या वेळी साठ वर्षांचे झाले होते, आणि १९७० नंतरची ओझोनची घसरण त्यात कोणालाही वाचता येईल अशी होती. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ती घसरण थांबली, हेही तेथेच नोंदले गेले. क्षयाच्या आरोग्यधामांची सद्दी स्ट्रेप्टोमायसीन आल्यावर संपली. डोर्नोची वेधशाळा मात्र १९७१ पासून जागतिक प्रारण केंद्र झाली आणि आज देशोदेशींच्या मापकांचे प्रमाणीकरण तेथे होते.

आपल्या सह्याद्रीला हे गणित लावताना अंक जसेच्या तसे उचलून चालणार नाही. पाचगणीलाही १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उघडले, त्यामागे दावोसचीच कल्पना होती. पण पाचगणीचा सूर्य दावोसचा नव्हे. गेल्या डिसेंबरात, बावीस तारखेला, पाचगणीच्या टेबललँडवर मी तीन फुटांची एक काठी ओळंब्याने सरळ रोवून बसलो होतो. वारा इतका गार की कानटोपी काढवत नव्हती, आणि शेजारच्या मुलांनी स्वेटरांवर शाली घेतल्या होत्या. बारा वाजून तेहेतीस मिनिटांनी काठीची सावली सर्वांत आखूड झाली: दोन फूट आठ इंच. त्याच दिवशी दावोसला त्याच काठीची मध्यान्हीची सावली आठ फूट चार इंच पडली असती. सावली काठीहून आखूड, म्हणजे सूर्य पंचेचाळीस अंशांच्या वर, म्हणजे किरण त्वचा भाजण्याइतके प्रबळ. हा साधा आडाखा जगभर मान्य आहे. आमच्या वर्षातला सर्वांत खालचा मध्यान्हसूर्य दावोसच्या एप्रिलच्या आरंभीच्या सूर्याइतका वर असतो, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातला आमचा सूर्य त्यांच्या जूनमधल्या सर्वोच्च सूर्याची बरोबरी करतो. शिवाय आमच्यावरचा ओझोनचा पडदा त्यांच्याहून पातळ, आणि ऋतूंनी फारसा न बदलणारा. त्या संध्याकाळी माझे नाक आणि कपाळ लाल झाले होते, तरी दिवसभरात ऊन लागल्याची जाणीव एकदाही झाली नव्हती.

आमच्या ऋतुचक्रात विषमता आहे ती निराळ्या कारणाने. महाबळेश्वरी सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तोंडाशी. पहिला शून्य सावलीचा दिवस तापलेल्या, मोकळ्या आकाशाखाली जातो. दुसरा पावसाने आणि धुक्याने पुरता गिळलेला असतो. म्हणून दावोसला अतिनील किरणांचे शिखर जून-जुलैत येते, तर आमचे एप्रिल-मेमध्येच येऊन जाते, आणि पावसाळ्यानंतर धुऊन निघालेल्या आकाशात आश्विनात त्याची धाकटी आवृत्ती दिसते. भारतात प्रारण मोजण्याची शिस्त ज्यांनी लावली त्या अण्णा मणी यांचे कार्य पुण्याच्या हवामान खात्यात झाले, आणि भारतातील सूर्यप्रारणाविषयीचे त्यांचे १९८० व १९८१ साली निघालेले ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकाला चुकवता येत नाहीत. तरी उपकरणाआधीचे पहिले पाऊल कोणालाही टाकता येते.

पाचगणीला शाळा पुष्कळ आहेत आणि सपाट पठार त्यांच्या दाराशी आहे. एखाद्या शाळेने तेथे एक काठी रोवून रोजच्या सर्वांत आखूड सावलीची लांबी, ती पडण्याची वेळ, आणि आकाश कसे होते एवढे तीन रकाने एका वहीत वर्षभर भरावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. काठी तीन फुटांची पुरे. ओळंबा मात्र नीट पाहावा, आणि पावसाळ्यातल्या कोऱ्या तारखांपुढे 'सूर्य दिसला नाही' असे लिहून ठेवण्यास विसरू नये.